शस्त्रक्रियेच्या वेळी वरिष्ठ टेबलापाशी नसतील, तर चूक कोणाची?

धागालेखक: दुर्बिणीने पित्ताशय काढताना शिकाऊ सर्जनने मुख्य पित्तनलिकाच पित्ताशयाची नळी समजून कापली आणि ज्यांच्या नावावर ती केस होती ते वरिष्ठ त्या वेळी शेजारच्या शस्त्रक्रियागृहात होते, तर दोष सहसा कापणाऱ्या हाताला दिला जातो. माझ्या मते तो आधी वरिष्ठांचा आहे, आणि त्यांना एकाच वेळी दोन टेबले नेमून देणाऱ्या रुग्णालयाचा आहे. ही चूक बहुधा हात चुकल्याने होत नाही, नजर फसल्याने होते. सूज आणि चिकटलेल्या ऊती यांमुळे एक नळी दुसरीसारखी दिसते आणि पाहणाऱ्याला आपण बरोबर आहोत अशी पक्की खात्री असते. म्हणूनच अमेरिकी सर्जन स्ट्रासबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये आग्रह धरला की, पित्ताशयात शिरणाऱ्या केवळ दोनच रचना मोकळ्या आणि स्पष्ट दिसेपर्यंत काहीही कापू नये. त्या क्षणी पडद्यावर दुसरी, अनुभवी नजर नसणे यालाच मी हलगर्जीपणा म्हणतो.

प्रतिसाद १ (शिकवणारा सर्जन): मला हे मान्य नाही. वरिष्ठाचा हात कायम शेजारी ठेवून घडवलेला सर्जन आपली पहिली स्वतंत्र चूक अशा ठिकाणी करील, जिथे हाक मारायला कोणीच नसेल. त्या रुग्णाचा हिशेब तुम्ही धरलेला नाही. देखरेख टप्प्याटप्प्याने सैल करावीच लागते. इंग्लंडमधील विल्शर खटल्यात १९८६ मध्ये अपील न्यायालयाने अननुभव हा बचाव होऊ शकत नाही असे ठरवले, पण ज्या कनिष्ठ डॉक्टरने वरिष्ठाला तपासायला सांगितले होते, त्याने आपले कर्तव्य पार पाडले असेही मानले. म्हणजे खरा प्रश्न वरिष्ठ कुठे उभा होता हा नसून कनिष्ठाने विचारले का, हा आहे.

धागालेखक: हा दाखला तुमच्याच विरुद्ध जातो. विचारतो तो, ज्याला शंका येते. पित्तनलिकेच्या चुकीत शंका येतच नाही, हेच तर मी वर म्हटले.

प्रतिसाद २: आणि दोघांच्याही विरुद्ध जातो! त्या खटल्यात नवजात बाळाला घातलेली नळी धमनीऐवजी शिरेत गेली होती, आणि क्ष-किरण चित्र पाहूनही ती चूक वरिष्ठाच्या लक्षात आली नाही. वरिष्ठ नुसता हजर असून भागत नाही, त्याने लक्ष घालून पाहावे लागते.

प्रतिसाद ३ (भूलतज्ज्ञ): टेबलाच्या डोक्याशी उभे राहून मी हा वाद अनेकदा पाहिला आहे. वरिष्ठ टेबलापाशी नसले तरी ‘उपलब्ध’ होते असे म्हटले जाते, आणि सगळी गोम त्या शब्दात आहे. ‘अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्स’ या अमेरिकेतील सर्जनांच्या संघटनेने २०१६ मध्ये सांगितले की, एका सर्जनच्या दोन शस्त्रक्रियांचे कळीचे टप्पे एकाच वेळी चालू नयेत. परंतु कळीचा टप्पा कोणता, हे ठरवण्याचे काम त्याच सर्जनवर सोपवले. शिवाय बोलावणे सोपे नसते. “एवढ्यासाठी बोलावलेस?” हे एकदा ऐकलेला निवासी डॉक्टर पुढच्या वेळी दहा मिनिटे स्वतःच झगडतो, आणि रक्तस्राव चालू असताना दहा मिनिटे फार असतात. कापण्याआधी वरिष्ठाने पडदा पाहिलाच पाहिजे असा नियम असेल, तर विचारण्याचा संकोच उरत नाही. वरिष्ठ केव्हा आले आणि केव्हा गेले, याची वेळ परिचारिकेने नोंदवावी; शस्त्रक्रियेनंतर आठवून लिहिलेल्या टिपणात वरिष्ठ नेहमीच हजर असतात.

प्रतिसाद १: शेवटचे वाक्य बोचरे आहे, पण खोटे नाही. कापण्याआधीचा थांबा मला मान्य आहे. वेळेच्या नोंदीबद्दल मात्र भीती ही की, उद्या वकील मिनिटे मोजतील आणि कोणताही वरिष्ठ कनिष्ठाच्या हाती सुरी देणार नाही.

धागालेखक: मग ती सुरी कोणाच्या हाती असेल, हे संमतिपत्रावर सही करण्याआधी रुग्णाला सांगा. आज त्याला केवळ वरिष्ठांचेच नाव ठाऊक असते.