प्रति: डोळ्याखालचं हाड मोडलंय तर ऑपरेशन लगेच का नाही?
वरती विचारलंय की भावाला लेदर बॉल लागला, सीटीत डोळ्याखालचं हाड मोडलेलं दिसतंय आणि तरी डॉक्टर आठवडाभर थांबा म्हणतात, ही टाळाटाळ तर नाही ना. मोठ्या माणसात बहुतेकदा नसते हो. डोळ्याच्या खोबणीचा तळ म्हणजे पापडासारखं पातळ हाड, खाली सायनसची पोकळी. फटका बसला की तळ खाली फुटतो, चरबी नि कधी स्नायू त्यात उतरतो, म्हणून वर बघताना दोन-दोन दिसतं, आणि तळातली नस दुखावली की गाल-वरचा ओठ बधिर होतो. स्मिथ आणि रेगन या डॉक्टरांनी 1957 मध्ये मृतदेहाच्या डोळ्यावर हर्लिंग या आयरिश खेळाचा बॉल ठेवून हातोडा मारून हे दाखवलं होतं (काय एकेक डोकी!). सूज उतरल्यावरच डोळा खरंच किती आत गेलाय ते कळतं, म्हणून साधारण दोन आठवड्यांच्या आत करतात, खालच्या पापणीच्या आतून चीर देऊन टायटॅनियमची जाळी नाहीतर पॉलिइथिलीनची शीट बसवतात, बाहेर टाके दिसतही नाहीत. छोटं फ्रॅक्चर असेल नि दोन-दोन दिसत नसेल तर ऑपरेशन लागतही नाही.

पण लहान मुलांचं वेगळं, त्यांचं हाड लवचिक, फटीत स्नायू चिमटून परत मिटतं. डोळा लालही दिसत नाही, पण पोरगं वर बघू शकत नाही आणि उलट्या करतं, सगळे डोक्याला मार समजतात. तिथे अजिबात थांबायचं नाही, एक-दोन दिवसांत सोडवावं लागतं.

आणि हो, भावाला नाक शिंकरू देऊ नका, सायनसमधली हवा डोळ्याभोवती शिरते. नजर कमी झाली किंवा डोळा पुढे येऊन ठणकायला लागला तर रात्री-अपरात्री सुद्धा कॅज्युअल्टी गाठा.