रस्त्यावर झोपणाऱ्या माणसाला मराठीत काय म्हणावं?

मुग्धा_शालिमार
आम्ही काही जण थंडीच्या रात्री नाशिकमध्ये शालिमार, सीबीएस (बसस्थानक), मेन रोड ते रामकुंड या पट्ट्यात ब्लँकेटं घेऊन फिरतो. यंदा नुसतं वाटून परत न येता नोंद ठेवायची असं ठरलं. माणूस कुठला, काय काम करतो, काही दुखतंय का, कागदपत्रं आहेत का, वगैरे. एका संस्थेकडून इंग्रजी तक्ता मिळाला. त्यात ‘रफ स्लीपर’, म्हणजे उघड्यावर झोपणारा, असा शब्द आहे. आमच्या मराठी तक्त्यावर त्याचं ‘बेघर व्यक्तीची नोंद’ झालं.

गाडगे महाराज पुलाजवळ पन्नाशीचे एक गृहस्थ पोतं पांघरून आडवे झाले होते. त्यांना वाचता येत होतं. तक्ता बघून म्हणाले, “ताई, बेघर का लिहिता? सुरगाण्याला दोन खोल्यांचं घर आहे माझं. बागेच्या कामाला आलोय.” आणि हातातलं ब्लँकेट परत पुढे केलं. “ज्याला घर नाही त्याला द्या.” खूप विनवलं, तरी घेतलं नाही. त्या रात्री चांगलीच थंडी होती.

तर शब्द हवा आहे. तोंडावर उच्चारला तर समोरच्याला लागू नये, गावाकडे घर असलेला माणूसही त्यात बसावा, आणि महापालिकेच्या कारकुनालाही कळावा.

अशोकस्तंभ
बेघरमध्ये काय वाईट आहे? गाडगेबाबांच्या दशसूत्रीत ‘बेघरांना आसरा’ असंच आहे. ज्या माणसाने जागोजागी धर्मशाळा बांधल्या आणि स्वतःसाठी खोपटंही बांधलं नाही, त्याच्या तोंडचा शब्द आहे हा. आपल्या नाशिकलाही गंगेकाठी, म्हणजे गोदावरीकाठी, त्यांची धर्मशाळा आहे. बाबांना चालला तो शब्द आपल्याला का चालू नये?

भगूरकर
चालण्याचा प्रश्न वेगळा. ‘बे’ हा फारसी उपसर्ग आहे आणि ‘घर’ आपलं, म्हणजे जोडकाम झालं. आपल्याकडे निर्गृह आहे, अनिकेत आहे. अनिकेत तर गीतेच्या बाराव्या अध्यायात भक्ताचं विशेषण म्हणून येतो, म्हणजे मान देणारा शब्द आहे. मुग्धाताईंना मान देणाराच शब्द हवा आहे ना? आमच्या गावच्या सावरकरांनी महापौर, दिनांक हे शब्द दिले तेव्हा लोकांना ते परके वाटले होते. आज कोणाला वाटतात?

सायखेडा_रोड
भगूरकर, अनिकेत हा घर सोडलेल्याचा शब्द आहे. इथे बोलणं चाललंय घर सुटलेल्यांबद्दल. वैराग्याचा शब्द गरिबाला चिकटवला की त्याची गरज दिसेनाशी होते. आणि ‘बे’ काढायचा तर बेकार, बेजबाबदार, बेफाम, बेत सगळंच काढावं लागेल.

भगूरकर
‘बेत’मधला बे उपसर्ग नाही. बाकीच्यांबद्दल म्हणाल तर हो, जमेल तिथे काढावेत असंच माझं मत आहे.

सटाणकर
आमच्या बागलाणात झोपण्याला ‘जपणं’ म्हणतात. माय म्हणायची, “तो वट्टावर जपेल शे.” ओट्यावर झोपलाय, एवढाच अर्थ. उन्हाळ्यात सगळं गाव ओट्यावर नाहीतर अंगणात जपायचं, त्यात कमीपणा नव्हता. उघड्यावर झोपणं शहरात लाजेचं झालं, म्हणून मग त्याला वेगळं नाव लागलं, असं मला वाटतं. मुग्धाताई, पेठ-सुरगाण्याकडच्या माणसांशी त्यांच्या बोलीत बोलून बघा. ते स्वतःला काय म्हणवतात हे आधी ऐकायला हवं.

कोमल_नि
जपणं म्हणजे झोपणं! आणि आपल्याकडे जपणं म्हणजे काळजी घेणं. किती सुंदर आहे हे. दोन्ही एकच असणार ना?

सटाणकर
तसं वाटतं खरं, पण उच्चार सारखा म्हणून धातूही एकच, असं लगेच धरू नये. जाणकारांनी सांगावं.

पंचवटी_अण्णा
मी जन्मापासून पंचवटीत. नाशिककर गोदावरीला गंगा म्हणतो हे सांगायला नकोच. आमच्याकडे अशा लोकांना नावच नव्हतं. “तो गंगेवर असतो” एवढंच म्हणायचे. कुठे राहतो, तर गंगेवर. ऐकणाऱ्याला सगळं कळायचं. यशवंतराव महाराज पटांगणात, देवळांच्या ओवऱ्यांत माणसं निजायची. माझी आई ‘निजायला’ म्हणायची, ‘झोपायला’ नाही. सकाळी वळकटी गुंडाळून तिथेच कुठेतरी ठेवायची आणि कामाला जायची.

एक गोष्ट मला फार खुपते. पौषात निवृत्तिनाथांच्या यात्रेला दिंड्या त्र्यंबकेश्वरी जातात, तेव्हा वारकरी मंडपात, पटांगणात, मिळेल तिथे झोपतात. त्याला आपण ‘मुक्काम’ म्हणतो आणि चहा घेऊन जातो. २०१५ च्या सिंहस्थात घाटावर, रस्त्याच्या कडेला हजारो माणसं उघड्यावर झोपली. ते भाविक. तोच घाट, तीच फरशी, तीच थंडी, आणि तिथे हातगाडी ओढणारा झोपला की म्हणतात “पडलेला असतो”. पडलेला! सामानासारखा. शब्द शोधायचाच असेल तर आधी हा काढून टाका.

अशोकस्तंभ
अण्णा, १०० टक्के. ‘पडून असतात’ हे बातम्यांतही असतं.

रुग्णसेवा_नाशिक
मी परिचारिका आहे. आमच्याकडे रात्री असे रुग्ण आणले जातात. कागदावर एक शब्द हमखास पडतो, ‘बेवारस’. वारस हा अरबी शब्द, म्हणजे ज्याला वारस नाही तो. हा शब्द खरं तर मृतदेहाचा आणि टाकून दिलेल्या गाडीचा. जिवंत, तापाने फणफणलेल्या माणसाच्या कागदावर तो लिहिलेला बघितला की हात थांबतो. शुद्धीवर आल्यावर तोच माणूस भावाचं नाव, गाव, शाळा सगळं सांगतो. आमच्या पाळीत तरी आम्ही ‘नातेवाईक सोबत नाहीत’ असं लिहायला लागलो.

आणखी एक. मोठ्या रुग्णालयांच्या आवारात जिन्याखाली, झाडाखाली जे झोपतात ते रुग्णांचे नातेवाईक असतात. ते पण तक्त्यात येणार का? त्यांनाही थंडी वाजतेच.

मुग्धा_शालिमार
हा विचार आम्ही केला नव्हता. यायला हवेत.

गंगापूर_नाका
‘फिरस्ते’ घ्या. गोड शब्द आहे. मूळ ‘फरिश्ता’, म्हणजे देवदूत. दारी येणाऱ्या अनोळखी माणसात देव बघायची आपली रीत आहे, त्यातून आला.

सायखेडा_रोड
कल्पना छान आहे, पण फिरस्ता सरळ ‘फिरणे’वरून आलाय. फरिश्त्याचा इथे काही संबंध दिसत नाही.

गंगापूर_नाका
‘फिरणे’ला ‘स्ता’ कसा लागला ते सांगा मग. बसस्ता, उठस्ता असं होतं का?

वकिलीण_द्वारका
व्युत्पत्ती राहू दे, ‘फिरस्ता’ कृपा करून तक्त्यावर लिहू नका. कारण सांगते. आपल्याकडे १९५९ चा भिक्षा प्रतिबंधक कायदा आहे. त्यात भीक मागण्याची व्याख्या इतकी पसरट आहे की उपजीविकेचं दिसेल असं साधन नसताना सार्वजनिक जागी फिरणारा माणूसही तिच्यात येतो. त्याने हात पसरलेला असण्याची गरज नाही. अशा माणसाला उचलून भिक्षेकरी गृहात पाठवता येतं. दिल्लीपुरत्या यातल्या तरतुदी तिथल्या उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये रद्द केल्या, आपल्याकडे कायदा आहे. तुमच्या कागदावरचा ‘फिरस्ता’ उद्या कोणाच्या हातात पडेल सांगता येत नाही.

‘भटके’ही नको. ते समाजांचं नाव आहे. त्यातल्या अनेकांना १८७१ च्या इंग्रजी कायद्याने जन्मतः गुन्हेगार ठरवलं होतं, ते १९५२ मध्ये विमुक्त झाले. त्यांचं नाव उचलून कोणालाही लावायचं नाही.

‘फुटपाथवासी’ जवळचा वाटेल, पण १९८५ च्या ओल्गा टेलिस खटल्यात मुंबईचे जे फुटपाथवासी होते त्यांच्या फुटपाथवर झोपड्या होत्या. न्यायालयाने उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कात धरला तो तिथेच. रात्री वळकटी उलगडून सकाळी उचलणारा माणूस त्याहून वेगळा.

राहिला ‘बेघर’. त्याच्यामागे मात्र बळ आहे. जनगणनेत बेघरांची मोजणी वेगळी होते. २०११ ला ती २८ फेब्रुवारीच्या रात्री झाली. रस्त्याच्या कडेला, पुलाखाली, जिन्याखाली, ह्यूम पाइपात, देवळाच्या मंडपात, फलाटावर राहणारे त्यात धरतात. देशभरात १७ लाखांवर भरले. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या आदेशांप्रमाणे शहरात दर लाख लोकवस्तीमागे एक निवारा हवा, वर्षभर, दिवसरात्र उघडा. नाशिक २०११ लाच १४.८६ लाखांचं होतं. म्हणजे जुन्या आकड्याने धरले तरी १४ निवारे. हे मागायचं तर अर्जात ‘बेघर’ हाच शब्द लागेल. दुसरा शब्द घातला की उत्तर येईल, योजना बेघरांसाठी आहे, तुमच्या लोकांसाठी नाही.

मुग्धा_शालिमार
वकीलताई, हेच तर कोडं आहे. जो शब्द लिहिला तर निवारा मागता येतो, तोच वाचून तो माणूस ब्लँकेट परत करतो.

पंचवटी_अण्णा
मग तोंडी एक आणि कागदावर एक ठेवा. आपल्या भाषेत हे नवीन नाही. सासऱ्यांना आपण घरी नावाने हाक मारतो का?

भगूरकर
अण्णा, दोन शब्द ठेवले की एक खरा आणि एक दिखाऊ होतो. माझा आग्रह एकाच शब्दाचा आहे. ‘अनिवास’ कसा वाटतो? निवास गावी असेल, पण इथे नाही, म्हणून ‘स्थानिक अनिवासी’. बसतो की नाही त्यात सुरगाण्याचा माणूस?

अशोकस्तंभ
अनिवासी म्हटलं की अमेरिकेतला भारतीय डोळ्यांसमोर येतो.

सायखेडा_रोड
आणि जिथे झोपवायचं त्या जागेलाही नाव ठरवा. हल्ली ‘रैनबसेरा’ ऐकू येतं. मराठीत ‘रात्रनिवारा’ असताना हे कशाला?

गंगापूर_नाका
रैनबसेरा गोड आहे, रात्रनिवारा सरकारी वाटतो. शिवाय रस्त्यावर झोपणारे बरेच जण यूपी-बिहारचे, मध्य प्रदेशातले. त्यांना रैनबसेरा पटकन कळतो. ज्याच्यासाठी पाटी लावायची त्याला ती कळायला नको?

भगूरकर
महाराष्ट्रात पाटी मराठीत हवी. ‘निवारा’ त्यांनाही कळेल. चार दिवसांत माणूस ‘वडापाव’ शिकतो, ‘निवारा’ का नाही शिकणार? निवारा म्हणजे थंडीवाऱ्याचं निवारण करतो तो. शब्दातच काम सांगितलंय.

रुग्णसेवा_नाशिक
पाटी कुठल्याही भाषेत लावा, पण दारात आधारकार्ड मागू नका. एका ठिकाणी कार्ड नाही म्हणून म्हाताऱ्या बाईला परत पाठवलेलं मी पाहिलंय. तिचं बोचकंच चोरीला गेलं होतं, कार्ड त्यातच होतं.

वकिलीण_द्वारका
ताई, हे कधीचं, कुठलं, मला व्यक्तिगत निरोपात कळवाल का? यावर अर्ज करता येईल.

कोमल_नि
मला ‘आसरा’ आवडतो. निवाऱ्यात छप्पर आहे, आसऱ्यात माणूस आहे. ‘आसरा हवा असलेली व्यक्ती’ असं लिहिलं तर?

पंचवटी_अण्णा
आसरा म्हणू नका हो, आमच्याकडे आसरा म्हणजे साती आसरा! विहिरीच्या, डोहाच्या काठी शेंदूर लावलेले सात दगड मांडतात, त्या पाण्यातल्या देवता. लहानपणी तिन्हीसांजेला गंगेच्या डोहाकडे जायचं नाही, आसरा ओढून नेतात, असं आजी सांगायची.

सायखेडा_रोड
अण्णा, तो आसरा ‘अप्सरा’वरून आलेला आणि हा ‘आश्रय’वरून. रूप एक झालं एवढंच.

भगूरकर
इतकं सोपं नाही. पाण्याकाठी वस्ती होते, त्या वस्तीला सांभाळणारी देवता म्हणून आसरा. मला दोन्हींचं मूळ आश्रयातच दिसतं.

पंचवटी_अण्णा
सांभाळणारी असती तर आजी भ्याली असती का? पाण्याची गोष्ट निघालीच म्हणून पुराचं सांगतो. ऑगस्ट २०१९ मध्ये घाटावरची दुतोंड्या मारुतीची मूर्ती पाण्याखाली गेली. सराफ बाजारात पाणी शिरलं, ते लोक पूरग्रस्त. घाटावर निजणाऱ्यांच्या वळकट्या वाहून गेल्या, त्यांना कोणी पूरग्रस्त म्हटलेलं मी ऐकलं नाही. गंगापूर धरणातून पाणी सोडायचं ठरलं की भोंगा वाजतो, पण रात्री दोनला त्यांना हलवून उठवायला कोण जातं?

अशोकस्तंभ
आमच्या तालमीची पोरं गेली होती तेव्हा. पण ती आपणहून. कोणाच्या यादीत ती माणसं नव्हती.

मुग्धा_शालिमार
छापखाना उद्या अकराला उघडतो. तूर्त वरचा मथळाच काढून टाकतेय. पहिला रकाना ‘आज रात्री कुठे झोपणार?’ आणि दुसरा ‘घर कुठे आहे?’ असा करते. ‘आहे का?’ नाही, ‘कुठे आहे?’. ज्याला नाही तो तसं सांगेल. महापालिकेच्या अर्जात वकीलताई म्हणतात तसं ‘बेघर’ लिहू. पण यादीला नाव काय द्यायचं हे राहिलंच आहे, सुचलं तर कळवा. आणि अशोकस्तंभ, तालमीच्या त्या पोरांचा नंबर निरोपात द्याल का? यादी झाली की पावसाळ्यात ती त्यांच्याकडे हवी.

भगूरकर
‘घर कुठे आहे’ हे ज्याला घर नाही त्याला लागेल. ‘मूळ गाव’ लिहा.

सटाणकर
‘मूळ गाव’वर आमच्याकडे लोक जात विचारली असं समजतात. ‘गाव कोणतं?’ पुरे.

गंगापूर_नाका
फिरस्त्याच्या ‘स्ता’चं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही.

सायखेडा_रोड
देतो, कोश घरी आहे. पण अण्णा, त्याआधी साती आसरांची नावं तुमच्याकडे काय घेतात ते सांगा. आमच्या निफाडच्या बाजूला नुसतं ‘आसरा’च म्हणतात, एकेकीचं नाव कोणी घेत नाही.