दारू घरीच एकदम बंद केली तर चालेल का?

दादा रोज क्वार्टर घेतो, आता सकाळीपण लागते, नाही मिळाली की हात इतके थरथरतात की कपातला चहा बशीत सांडतो. काल स्वतःच म्हणाला उद्यापासून बंद, वहिनीने बाटली मोरीत ओतली. घरीच जमेल ना?

> नका हो असं करू! सकाळी हात थरथरतायत म्हणजे शरीराला सवय लागलीय, एकदम तोडली की दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भास होतात, जिवावर बेतू शकतं. आधी डॉक्टरकडे न्या, ते गोळ्या देऊन सांभाळून उतरवतात, बी-१ व्हिटॅमिनपण देतात. किती पितो ते खरं सांगा, लपवू नका.

>> +१. आणि उतरवणं ही फक्त सुरुवात, माझे मामा पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात राहून आले (अवचट दांपत्याने १९८६ मध्ये सुरू केलेलं), नंतर एएच्या (अल्कोहोलिक्स अनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा एकमेकांना आधार देणारा गट) मीटिंगला जातात, तिथे फी नसते. वहिनींना अल-अनॉनबद्दल (पिणाऱ्यांच्या घरच्यांचा गट) सांगा, त्यांनाही आधार हवाच. रात्री-अपरात्री बोलायचं तर टेलि-मानस (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन) १४४१६.

थँक्यू सगळ्यांना. दादा तयार आहे, आत्ताच सिव्हिलला घेऊन निघतोय.