मदत हवी आहे: लॉनमध्ये हुमणी, पण विषारी औषध नको

नमस्कार मंडळी. सांगलीत विश्रामबागला घरापुढं अर्धा गुंठा लॉन आहे. जमीन काळी, चिकट. तीन वर्षं फक्त गांडूळखत आणि निंबोळी पेंड घालतेय. गणपतीपासून जागोजागी पिवळे चट्टे पडलेत. काल एका चट्ट्यावरचं गवत ओढलं, तर चटईसारखं अलगद हातात आलं. मुळं कुरतडलेली, आणि खाली तांबूस डोक्याच्या, अर्धचंद्रासारख्या वळलेल्या पांढऱ्या अळ्या. उसातली हुमणीच ही! शेजारचे काका दाणेदार विष टाका म्हणतात, पण नात तिथंच रांगते, मला ते अजिबात नको.

मेटारायझियम (अळ्यांना रोग लावून मारणारी बुरशी) शेणखतात मिसळून कुणी लॉनला वापरलीय का? एवढ्या जागेला किती घ्यावी? आता मोठ्या झालेल्या अळ्यांवर ती लागू पडेल, की वळवानंतर हुमणीचे भुंगेरे (पूर्ण वाढलेले किडे) कडुनिंबावर येतात तेव्हाच पकडावेत?