गोशेन कॉलेज: चर्चने घडवलं की अडवलं?

कुंपणावरचा
अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात गोशेन नावाचं छोटं खाजगी कॉलेज आहे. मालकी मेनोनाइटांची, म्हणजे हाती शस्त्र न धरणाऱ्या ख्रिस्ती पंथाची. १८९४ मध्ये एल्कहार्टला सुरू झालं, १९०३ मध्ये गोशेनला हललं. माझं मत सरळ आहे: चर्चच्या मुठीत मोकळा विचार टिकत नाही. १९२३-२४ चं अख्खं वर्ष चर्चच्या शिक्षण मंडळाने या कॉलेजला टाळं ठोकलं होतं. कारण काय, तर प्राध्यापक फार 'आधुनिक' झाले! कितीतरी विद्यार्थी आणि शिक्षक ओहायोतल्या ब्लफ्टन कॉलेजात निघून गेले.

जुनी वही
पैशाची तंगीही होती, ती बरी गाळलीत. आणि १९२४ मध्ये दार पुन्हा उघडलं, त्याचं काय? तेव्हाच पंथाचे इतिहासकार हॅरल्ड बेंडर तिथे शिकवायला आले. १९२७ पासून पंथाच्या इतिहासाला वाहिलेलं त्रैमासिक तिथूनच निघू लागलं.

कुंपणावरचा
स्वतःच्याच पंथाचा इतिहास लिहिला, हा मोकळा विचार? बरं.

रानवाट
मला राष्ट्रगीताचं प्रकरण जास्त बोलकं वाटतं. सामन्याआधी ते वाजवायचं नाही, ही तिथली जुनी रीत. गीतात रॉकेटं आणि बॉम्ब, शिवाय देवाआधी देश कसा, हा प्रश्न. बाहेरून टीका झाली, तेव्हा २०१० मध्ये शब्दांविना, नुसती धून वाजवून पाहिली. मग आतले लोक नाराज! २०११ मध्ये ते थांबवून 'अमेरिका द ब्युटिफुल' हे दुसरं देशभक्तिगीत घेतलं. अख्खा देश छातीवर हात ठेवून उभा असताना वेगळं वागायला पाठीशी कुणीतरी लागतं. इथे चर्च होतं. सरकारी विद्यापीठाने एवढं करून दाखवावं.

कुंपणावरचा
शेवटचा शब्द संचालक मंडळाचाच होता. १९२३ सारखाच. या वेळी निकाल तुम्हाला आवडला, इतकंच.

जुनी वही
मुद्दा बरोबर आहे, पण अर्धा. १९६८ मध्ये तिथल्या मुलांसाठी परदेशातलं सत्र सुरू झालं, निम्मा वेळ भाषा आणि लोकजीवन शिकायचं, निम्मा वेळ सेवा करायची. हे पंथाच्या सेवाभावातूनच आलं. आणि २०१५ मध्ये समलिंगी विवाह केलेल्या प्राध्यापकांनाही नेमायचं ठरलं. त्यावरून ख्रिस्ती महाविद्यालयांच्या संघटनेत फूट पडायची वेळ आली, तर कॉलेजने सदस्यत्व सोडलं, निर्णय नाही.

कुंपणावरचा
२०१५ चं मान्य, तिथे कणा दिसला. पण टाळं ठोकल्यापासून तिथवर यायला ९२ वर्षं लागली.

रानवाट
चर्च नसलेल्या किती कॉलेजांनी त्याच्या फार आधी हे केलं होतं, तेही मोजा की.