मदत हवी आहे: .३२ घेतोय, पिस्तूल की रिव्हॉल्व्हर?

आडतवाला
नमस्कार मंडळी. तीन वर्षं हेलपाटे घातल्यावर शस्त्र परवाना हातात पडला. आता .३२ बोअरचं (नळीचं माप) हत्यार घ्यायचंय. रोज अंगावर बाळगायचं, कुणाला दिसता कामा नये. दुकानदार म्हणतो पिस्तूल घ्या, चपटं असतं, शर्टाखाली फुगवटा येत नाही. मेव्हणा म्हणतो रिव्हॉल्व्हरच. सोमवारी सोलापूरला जायचंय. एका ओळीत सांगा, कोणतं? परवाना कशाला काढला, गरज काय, असले प्रश्न नकोत.

टिचकी
एका ओळीत: मिरचीचा स्प्रे. परवाना नको, हेलपाटे नकोत.

आडतवाला
विचारलं काय, सांगताय काय.

माजी सुभेदार
एका ओळीत सांगता येणार नाही. परवान्यावर नेमकं काय लिहिलंय? नुसतं रिव्हॉल्व्हर की दोन्ही? आधी कधी गोळी झाडली आहे का? पायी फिरता, गाडीत की मोटरसायकलवर? घरात लहान मूल? हे कळल्याशिवाय सल्ला देणारा माणूस दुकानदार तरी असतो नाहीतर मेव्हणा.

डॅलसकर
अहो, या दोन्हीत अडकताच कशाला? मी इथे रुगर एलसीपी बाळगतो, .३८० चं. पावणेतीनशे ग्रॅमच्या आत, पाकिटासारखं खिशात बसतं. थोडं मोठं चालत असेल तर सिग पी-३६५, नऊ मिलिमीटर, दहा गोळ्या आणि वर एक चेंबरमध्ये, म्हणजे नळीत तयार. .३२ ला इथे आता कोणी गांभीर्याने घेत नाही. टेक्साससारखा कायदा तिकडे हवा. २०२१ च्या सप्टेंबरपासून आमच्याकडे एकवीस वर्षांवरच्या माणसाला बहुतेक बाबतीत परवान्याचीही गरज नाही.

वकीलबाई
डॅलसकर, भारतात नऊ मिलिमीटर प्रतिबंधित बोअरमध्ये येतं. सामान्य परवान्यावर मिळत नाही, आणि मिळालेलं सापडलं तर धागाकर्त्यांना माझ्यासारखीचीच गरज पडेल. शिवाय सामान्य माणसासाठी परदेशी शस्त्रांची आयात ऐंशीच्या दशकापासून बंद आहे. जुनी परदेशी पिस्तुलं परवानाधारकांत हातोहात विकली जातात, पण त्यांची किंमत ऐकून त्यात ट्रॅक्टर येईल असं वाटतं.

डॅलसकर
अच्छा. मी ९८ साली आलो इकडे, तेव्हाही हेच होतं का?

वकीलबाई
तेव्हाही हेच होतं.

आडतवाला
सुभेदार साहेब, परवान्यावर 'रिव्हॉल्व्हर/पिस्तूल .३२' असं दोन्ही आहे. काडतुसं एका वेळी २५, वर्षाला ५०. मोटरसायकलवर जातो. कॉलेजात एनसीसीत .२२ रायफल चालवली होती, म्हणजे अनुभव आहे. आता सांगा.

माजी सुभेदार
एनसीसीतली रायफल जमिनीवर आडवं पडून, उस्तादाने 'फायर' म्हटल्यावर चालवतात. वय किती आपलं?

आडतवाला
५३. वयाचा काय संबंध?

सराफकट्टा
मी बोलतो, कारण मी वापरतो. दहा वर्षं झाली, कमरेला ऑर्डनन्सचं, म्हणजे सरकारी शस्त्र कारखान्याचं, .३२ पिस्तूल आहे, 'अशनी'. दुकानदार खरं सांगतोय. रिव्हॉल्व्हरचं गोळ्या भरायचं गोल सिलिंडर कितीही झाकलं तरी कमरेला लिंबू बांधल्यासारखं दिसतं. पिस्तूल अंगाला चिकटून बसतं. मॅगझिन (गोळ्यांचा खण) बदललं की पुन्हा तयार. रिव्हॉल्व्हरमध्ये सहा संपल्या की एकेक भरत बसा. रिव्हॉल्व्हर हे आमच्या वडिलांच्या पिढीचं हत्यार.

माजी सुभेदार
सराफ, एक विचारतो. चेंबरमध्ये गोळी ठेवता की रिकामं ठेवता?

सराफकट्टा
रिकामं. शहाणा माणूस रिकामंच ठेवतो.

माजी सुभेदार
म्हणजे वेळ आली की आधी स्लाइड, पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागे ओढायची. त्याला दोन हात लागतात. पैशाची पिशवी कोणत्या हातात असते?

सराफकट्टा
पिशवी टाकायची की.

टिचकी
म्हणजे चोराचं काम झालं. पिशवी आपणहून खाली ठेवणारा सराफ. (हलके घ्या.)

सराफकट्टा
आणि रिव्हॉल्व्हरचं काय? ट्रिगर इतका जड की दाबता दाबता नळी खाली झुकते. आमच्या शेजाऱ्याची रिव्हॉल्व्हर आहे. दहा पावलांवर भिंतीला टेकवलेली पाटी त्याला सहांत दोनदा लागली.

माजी सुभेदार
ती त्याच्या बोटाची गोष्ट आहे. आणि तोच जड ट्रिगर चुकून दाबला जात नाही, हा त्याचा गुण. खिशात, कमरेत, धावपळीत गोळी सुटू नये यासाठी वेगळा खटका लागत नाही. काडतूस फुसकं निघालं तर पुन्हा ट्रिगर दाबा, पुढचं घर समोर येतं. पिस्तुलात फुसकं काडतूस निघालं की पुन्हा स्लाइड ओढा, म्हणजे पुन्हा दोन हात. .३२ च्या पिस्तुलाच्या काडतुसाला खाली किंचित कड असते. मॅगझिनमध्ये वरचं काडतूस खालच्याच्या कडेमागे बसलं की पुढे सरकत नाही. भरताना लक्ष द्यावं लागतं. सराफ दहा वर्षं देत असतील, नवा माणूस देईलच असं नाही.

आडतवाले, वय यासाठी विचारलं की स्लाइड ओढायला मनगट लागतं. दुकानात पाच-पंचवीस वेळा ओढून बघा, मग बोला.

कुतूहल
मध्येच विचारतो. आमच्या चिकूच्या बागेत वानरं येतात. एअरगनला परवाना लागतो का?

वकीलबाई
.१७७ बोअर आणि २० ज्यूलपर्यंत जोर असलेल्या एअरगनला शस्त्र परवाना लागत नाही. पण वानराला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, त्याच्यावर छर्रा झाडू नका. आणि वेगळा धागा काढा.

खडकीचा पोरगा
पिस्तूल की रिव्हॉल्व्हर ते तुम्ही ठरवा. पण 'मला .३२ ची काडतुसं द्या' असं मोघम म्हणू नका. पिस्तुलाची .३२ वेगळी, ती ब्राउनिंगची, १८९९ पासूनची. रिव्हॉल्व्हरची .३२ वेगळी, लांब आणि कडेची. एकीची दुसरीत चालवायची नाही. आमचे वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते. काडतुसाच्या बुडावर 'केएफ' दिसलं की घरी अजून सगळे हळवे होतात. केएफ म्हणजे किरकी, इंग्रजांचं खडकी. कारखाना १८६९ चा. सकाळचा भोंगा झाला की आख्ख्या वस्तीची घड्याळं लागायची.

टिचकी
खडकी बाजारात मिसळ कुठे चांगली मिळते?

खडकीचा पोरगा
व्यनि (खासगी निरोप) करतो.

*(उमर्टीच्या 'स्वस्त', म्हणजे बेकायदा, मालाचा पत्ता सुचवणारा प्रतिसाद उडवला आहे. पुन्हा दिसला तर सदस्यत्वही उडेल. – संपादक)*

माजी सुभेदार
आडतवाले, होल्स्टर (हत्याराचं म्यान) कोणत्या बाजूला लावणार?

आडतवाला
डाव्या. मी डावखुरा आहे. पण त्याने काय फरक पडतो?

माजी सुभेदार
हे तीन दिवसांनी सांगताय?

अहो, बहुतेक जुन्या धाटणीच्या पिस्तुलांचा सेफ्टीचा खटका डाव्या अंगाला असतो, उजव्या हाताच्या अंगठ्याखाली यावा म्हणून. तुमच्या डाव्या हाताचा अंगठा पडणार दुसऱ्या बाजूला. रिकाम्या पुंगळ्या उजवीकडून बाहेर उडतात, डावखुऱ्याच्या चेहऱ्यासमोरून. सवयीने जमतं, पण तुमच्याकडे वर्षाला पन्नास काडतुसं आहेत. त्यात सवय कधी लागायची?

सराफकट्टा
डावखुरे असाल तर माझं मत मी मागे घेतो. पण निम्मंच. ट्रिगर जडच असतो.

कानपूरवारी
मग 'प्रबळ' बघा. २०२३ साली कानपूरच्या सरकारी कंपनीने आणली. सिलिंडर बाजूला उघडतं, वजन सातशे ग्रॅमच्या आसपास, नळी तीन इंची. जुन्या ऑर्डनन्स रिव्हॉल्व्हरसारखी मधून मोडावी (बिजागरीवर उघडावी) लागत नाही. वजनच कमी हवं असेल तर 'निर्भीक', टायटॅनियमच्या मिश्रधातूची, अर्धा किलो. २०१४ ला आली तेव्हा सव्वा लाखाच्या घरात होती. बायकांची म्हणून जाहिरात झाली, त्यामुळे आमच्याकडचे पुरुष घ्यायला लाजतात. पाव किलोची 'निडर' पण आहे, पण ती .२२.

माजी सुभेदार
.२२ नको. त्यांच्या परवान्यावर .३२ आहे, तो एक मुद्दा. आणि .२२ च्या काडतुसात पेट घेणारा मसाला बुडाच्या कडेत असतो. फुसकं निघण्याचं प्रमाण त्यात जास्त. नेमबाजीला उत्तम, जिवावर बेतल्यावर नाही.

'प्रबळ'बद्दल एक. सिलिंडर डावीकडे उघडतं, तेही उजव्या हाताच्या हिशेबानेच. मधून मोडणारी जुनी पद्धत डावखुऱ्याला उलट सोयीची, कारण ती समोर उघडते, ना डावीकडे ना उजवीकडे. दोन्ही हातात घेऊन बघा.

आडतवाला
म्हणजे रिव्हॉल्व्हर. हेच पहिल्या दिवशी सांगायला काय झालं होतं? मेव्हण्याला उगीच बोललो.

वकीलबाई
थांबा, 'कुणाला दिसता कामा नये' हे तुम्ही बरोबर लिहिलंत, कारण कायदाही तेच म्हणतो. २०१६ च्या शस्त्र नियमांतला नियमही बत्तिसावाच आहे. सार्वजनिक जागी पिस्तूल-रिव्हॉल्व्हर न्यायची तर ती अंगाला बांधलेल्या होल्स्टरमध्ये किंवा तशाच पिशवीत हवी, पूर्ण झाकलेली हवी, आणि तुमच्या ताब्यात हवी. मोटरसायकलच्या डिकीत टाकून चहाला गेलात तर ताबा सुटला. लग्नाच्या वरातीत हवेत बार काढलात तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि पिशवी घेऊन पळणाऱ्याच्या पाठीत गोळी घालणं म्हणजे स्वसंरक्षण नव्हे. न्याय संहितेची कलमं ३४ ते ४४ एकदा वाचून घ्या, अकराच आहेत.

होल्स्टर कसलं घेणार? पट्टा किती रुंद आहे तुमचा?

आडतवाला
पट्टा कुठला? मी पायजमा आणि नेहरू शर्ट घालतो. तीस वर्षं.

टिचकी
नाडीला सातशे ग्रॅम!!!

सराफकट्टा
हे पहिल्या ओळीत लिहायचं होतं हो. धागा चार दिवस कोणत्या बोअरवर भांडतोय आणि धागाकर्त्याच्या कमरेला नाडी आहे.

माजी सुभेदार
पिस्तुलाचा फुगवटा दिसेल की रिव्हॉल्व्हरचा, हा प्रश्नच निकालात निघाला. पायजमाच खाली येणार.

डॅलसकर
इथे पोटाला गुंडाळायचे रुंद इलॅस्टिकचे पट्टे मिळतात, होल्स्टर त्यातच शिवलेलं. पँट कोणतीही असो. मागवून पाठवू का?

आडतवाला
नको. आतून बंडी असते माझी, मोठ्या खिशाची. पैसे त्यातच असतात. त्यात ठेवली तर?

वकीलबाई
बंडीचा खिसा म्हणजे होल्स्टर नव्हे.

माजी सुभेदार
आणि खिशात किल्ल्या, सुपारीचा अडकित्ता, पेन यांच्यासोबत भरलेलं हत्यार ठेवायचं नसतं. ट्रिगर झाकलेला हवा, नेहमी. काढायला नेहरू शर्ट वर करून बंडीत हात घालेपर्यंत चोर तालुका ओलांडून गेलेला असेल.

मोडी वाचक
आमच्या आजोबांची आडत होती. ते शर्टाच्या आत 'कसा' बांधायचे, म्हणजे कमरेभोवती चामड्याचा पिशवीवजा पट्टा, रुपये ठेवायला. तशीच कल्पना करा. दोन इंच रुंद जाड चामड्याचा पट्टा, पायजम्याशी काही संबंध नाही, बंडीवरून बांधायचा, त्याला डाव्या अंगाला होल्स्टर शिवून घ्यायचं. चामड्याचं काम करणारा कोणीही चांगला कारागीर देईल. हत्यार घेऊन जाऊ नका, मापं घेऊन जा. हत्यार पाहिलं की कारागीर माप घ्यायचं सोडून गप्पा मारतो.

माजी सुभेदार
हे उत्तम. ट्रिगर पूर्ण झाकेल असं शिवून घ्या आणि वरून बटणाची पट्टी. मोटरसायकलच्या गचक्यांना नुसत्या घट्टपणावर विसंबू नका. आणि मी घरातल्या मुलाबद्दल विचारलं होतं, ते राहिलं.

आडतवाला
नातू आहे, दीड वर्षाचा. कपाटात वरच्या फळीवर ठेवीन.

माजी सुभेदार
दीड वर्षाचा तीन वर्षांचा होतो तेव्हा वरची फळी खाली आलेली असते. भिंतीत बसवलेली कुलपाची पेटी घ्या, काडतुसं दुसऱ्या कुलपात. रिव्हॉल्व्हरच्या आधी घ्या. पावती इथे दाखवलीत तरी चालेल.

कुतूहल
वानरांसाठी मग काय करावं?

आडतवाला
*(बावीस दिवसांनी)*
मंडळी, उशीर झाला. सोमवारी गेलो होतो. पिस्तुलाची स्लाइड दहा वेळा ओढली, अकराव्याला अंगठ्याचं कातडं चिमटलं. दुकानदार गप्प. 'प्रबळ' बघितली, छान आहे, पण डाव्या हाताने सिलिंडर उघडताना दोनदा अडखळलो. शेवटी मधून मोडणारी ऑर्डनन्सची जुनी पद्धतच घेतली. जीएसटी २८ चा ४० झालाय हे तिथे गेल्यावर कळलं, कोणी इथे बोललं नव्हतं. पेटी आधी बसवली, सुभेदार साहेब. जिल्ह्याच्या रेंजवर दोन रविवार गेलो, दहा पावलांवर सहांत तीन. सराफांच्या शेजाऱ्यापेक्षा एक जास्त. तो 'कसा' शिवायला टाकला, उद्या मिळणार.

पण तो आता कशाला लावू? परवा आचारसंहिता लागली. काल ठाण्यातून नोटीस आली, हत्यार जमा करा. आज जमा करून पोच घेतली. निकाल लागेपर्यंत मिरचीचा स्प्रे. टिचकी, कोणता चांगला?