हौदात बेडकांची पिल्लं टिकत नाहीत, कुठे चुकतंय?

मृद्गंध
पुण्यात मागच्या अंगणात सिमेंटचा हौद आहे: 6 फूट लांब, 4 फूट रुंद, 2 फूट खोल. मे महिन्यात आतून नवा गिलावा केलाय. कुमुदाच्या दोन कुंड्या आणि डासांसाठी वीसेक गप्पी मासे आहेत. पाणी नळाचं, दर रविवारी अर्धं बदलतो. पावसाबरोबर बेडूक आले, अंडी घातली, पण टॅडपोल आठवडाभरात दिसेनासे होतात, काही मरून तरंगतात. पाय फुटलेली चार पिल्लं तर बुडून मेली. बेडूक बुडतो कसा? शिवाय भिंतीवर, पाण्याच्या वर, पांढरा फेस चिकटलाय. काढू का?

पाणवठा
फेसाला हात लावू नका! ते झाडबेडकाचं घरटं आहे. आत अंडी आहेत. चार-पाच दिवसांत फेस सैल होतो आणि पिल्लं थेट खालच्या पाण्यात पडतात. म्हणून तोवर पाण्याची पातळी उतरू देऊ नका.

आता बुडण्याबद्दल. पुढचे पाय फुटले की कल्ले जातात आणि पिल्लू फुप्फुसाने श्वास घेऊ लागतं. त्याला तेव्हा बाहेर यावंच लागतं. झाडबेडकाच्या बोटांना चकत्या असतात, तो उभी भिंत चढतो. भेकाच्या, म्हणजे खरखरीत कातडीच्या, जमिनीवर राहणाऱ्या बेडकाच्या, पिल्लाला ते जमत नाही. गुळगुळीत गिलाव्यावरून घसरून दमतं आणि मरतं. एका कोपऱ्यात ओबडधोबड दगड रचून तळापासून काठापर्यंत उतरण करा, दगड हलता कामा नयेत. तेवढं होईस्तोवर खडबडीत फळी तिरकी टाका, एक टोक पाण्यात, एक काठावर.

लहान टॅडपोल मरतात ते बहुधा पाण्यामुळे. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन त्यांच्या कल्ल्यांना सोसत नाही. पाणी उघड्या पिंपात दोन दिवस ठेवा, मगच ओता, आणि एका वेळी पाव हिश्श्याहून जास्त बदलू नका. नव्या गिलाव्यातून चुनाही सुटतो. मत्स्यालयाच्या दुकानात मिळणाऱ्या पट्टीने पीएच बघा, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा क्षारधर्मी आहे ते; चुन्याने तो वाढतो. 8.5 च्या वर असेल तर पावसाचं किंवा पिंपात ठेवलेलं पाणी थोडं थोडं घालत राहा. हौद पूर्ण रिकामा करून धुणं दिवाळीनंतर, पिल्लं बाहेर पडल्यावर.

शेवाळ
मला गप्पींचा संशय जास्त येतो. अंडी आणि नुकती सुटलेली पिल्लं ते सहज खातात. गप्पी काढून दुसऱ्या टाकीत ठेवा. डासांसाठी बीटीआय वापरा. तो जिवाणूंपासून बनतो, डासांच्या अळ्या मारतो, टॅडपोलना सहसा बाधत नाही. मात्रा पाकिटावरची, आणि दर आठ-दहा दिवसांनी पुन्हा, कारण तेवढ्यात अळीचा डास होतो. रॉकेल किंवा जळकं ऑइल मात्र चुकूनही नको. पिल्लं हवेसाठी वर येतात आणि तवंगात गुदमरतात.

पंप असेल तर त्याच्या तोंडाला स्पंज बांधा. पिल्लांना बिस्किट, भात घालू नका, पाणी कुजतं. भिंतीवरचं शेवाळ त्यांना पुरतं, फार तर उकडलेल्या पालकाचं एखादं पान.

मृद्गंध
आभार. गप्पी आजच काढतो. पण वेलींना गुंडाळलेली काळ्या मण्यांची माळ दिसतेय, तीही अंडीच का? आणि घरी कुत्रा आहे.

पाणवठा
हो, ती भेकाची अंडी, राहू द्या. मोठा भेक कुत्र्याने तोंडात धरला तर त्याच्या कातडीतल्या विषाने फेस येतो. डोकं खाली धरून तोंड पाच-दहा मिनिटं पाण्याने धुवा, पाणी घशात जाऊ देऊ नका. तोल जात असेल किंवा झटके आले तर थांबू नका, डॉक्टरकडे न्या. रात्री हौदाभोवती जाळी लावा, पण खालून दोन इंच मोकळं ठेवा, भेकाला ये-जा करता आली पाहिजे.